लाल पेन्सिलीखालचे शब्द

इंग्रजीचा मास्तर निवृत्त झाला की लोक त्याच्याकडून अर्ज लिहून घ्यायला येतात. मराठीच्या मास्तराला लग्नपत्रिका तपासायला देतात, सत्काराच्या कार्यक्रमात मानपत्र वाचायला बोलावतात. गणिताच्या मास्तराला कोणी काही देत नाही. उलट तो रस्त्याने येताना दिसला की चांगली मिशा-पोट आलेली माणसं पलीकडच्या फुटपाथवर जातात. आमच्या भिवंडीतला एक मोठा कापड व्यापारी मला बघितलं की अजून मोबाईल कानाला लावतो. नववीत मी त्याला दोनदा बाकावर उभा केला होता.

त्यामुळे या अंकाच्या संपादकांनी "सर, तुमचे अनुभव लिहा, जरा हलकेफुलके असले तर बरं" असं सांगितलं तेव्हा मला आधी बरंच वाटलं. हलकेफुलके आहेत, एकदोन सांगतोही. पण लिहायला बसलो की हात एकाच ठिकाणी जातो. सुगंधा नावाची एक मुलगी माझ्या दहावीच्या वर्गात होती. ती पास व्हायला हवी होती, आणि चांगल्या मार्कांनी व्हायला हवी होती. ती परीक्षेला बसलीच नाही. तिचं हॉल तिकीट माझ्याच कपाटात पडून राहिलं. ती शाळेतून का निसटते आहे हे तिने मला तीन वेळा वहीत लिहून दिलं होतं, आणि तिन्ही वेळा मी ते लाल पेन्सिलीने तपासून परत केलं होतं.

हे कसं झालं ते कळायला माझा धंदा थोडा समजून घ्यावा लागेल. घाबरू नका, फळ्यावर बोलावणार नाही.

बीजगणितात 'शाब्दिक उदाहरणं' नावाचा एक प्रकार असतो. दोन गोष्टी माहीत नसतात आणि त्यांच्याबद्दल दोन वाक्यं सांगितलेली असतात. एका गोठ्यात गाई आणि कोंबड्या मिळून इतकी डोकी, इतके पाय, तर गाई किती आणि कोंबड्या किती? माहीत नसलेल्या एका गोष्टीला x मानायचं, दुसरीला y. दोन वाक्यांची दोन समीकरणं करायची. मग एकाला योग्य त्या आकड्याने गुणून, वजाबाकी करून, एक चल घालवायचं. दुसरं आपोआप हाताशी येतं. समीकरणं मिळाली की ती सोडवणं हे हमालीचं काम आहे, कुठलाही पोरगा करतो. अडतं ते आधीच. वाक्य वाचून समीकरण मांडायचं म्हटलं की वर्गातली निम्मी मुलं खिडकीबाहेर बघायला लागतात. बोर्डाच्या पेपरात हा प्रश्न चार मार्कांचा यायचा आणि आमची मुलं तो खुशाल सोडून द्यायची. "सर, गणित येतं, पन भाषा मधी येते," असं एक मुलगा मला म्हणाला होता. त्याचं काही चूक नव्हतं.

भाषा मधे येते ना, मग ती काढून टाका. ही माझी पद्धत. हातात लाल पेन्सिल घ्यायची आणि उदाहरण वाचत जायचं. 'कडक उन्हाळ्याच्या दिवसांत गोविंदराव आपल्या थोरल्या मुलाला घेऊन आमराईत गेले' यातलं आपल्या कामाचं काय? काहीच नाही. मारा रेघ. कडक उन्हाळा गेला, गोविंदराव गेले, थोरला मुलगाही गेला. आकडे राहू द्यायचे, आणि 'पेक्षा', 'मिळून', 'पट', 'जास्त', 'कमी' हे शब्द राहू द्यायचे. बाकी सगळा फाफटपसारा. उरतं त्याचं समीकरण होतं. या पद्धतीने माझ्या वर्गातली ढ मुलंसुद्धा ते चार मार्क घेऊन यायला लागली. मग आजूबाजूच्या शाळांतून मला बोलावणी आली. शिक्षकांच्या शिबिरात मी लाल पेन्सिल उंच धरून सांगायचो, "गोष्ट विसरा, आकडे धरा." टाळ्या पडायच्या. तोऱ्यात होतो मी, खोटं कशाला बोलू!

आमच्या शाळेच्या मागच्या भिंतीला लागून पॉवरलूमची शेड होती. दिवसभर खटखट, खटखट. तीस वर्षं त्या आवाजावर चढून शिकवल्यामुळे मी घरातसुद्धा चहा मागतो तो शेवटच्या बाकाला ऐकू जाईल असा. त्या शेडमधला एक मिस्त्री आमच्या शाळेतल्या मुलाचा बाप. उत्तरेकडचा, पण पोराला हौसेने मराठी शाळेत घातलेला. एकदा तो पोराची वही घेऊन थेट माझ्याकडे आला. उदाहरण होतं, आठ पुरुष आणि बारा स्त्रिया एक काम दहा दिवसांत करतात, वगैरे. तो म्हणाला, "मास्टरजी, इसमें लाईट कितने घंटे रहेगी, वो तो लिखाच नहीं." तेव्हा भिवंडीत लोडशेडिंगचा असा धुमाकूळ होता की त्याला हा प्रश्न पडणं अगदी रास्त होतं. मी म्हटलं, "लाईट का विचार नहीं करने का." तो वही मिटून म्हणाला, "फिर तो जवाब गलत आएगा." आणि गेला.

दुसरा एक मुलगा काल्हेरचा, खाडीकाठच्या घरातला. नाव प्रवाहाच्या दिशेने अमुक वेगाने आणि प्रवाहाच्या विरुद्ध तमुक वेगाने जाते, हे पुस्तकातलं नेहमीचं उदाहरण मी घातलं. त्याने हात वर केला. "सर, भरतीला का ओहटीला?" मी म्हटलं, नदी आहे रे, खाडी नाही. "पन सर, तिकडं पानी दिवसातून दोनदा फिरतं. जाताना विरुद्ध, येतानापन विरुद्ध, असंपन होतं." वर्ग हसला. मी त्याला खाली बसवलं. पण घरी जाताना वाटलं, पोरगं खोटं बोलत नाही. पुस्तकातल्या नद्या आणि आमराया आमच्या मुलांच्या काय कामाच्या?

त्यातून मी एक नवी टूम काढली. तिचं नाव 'शनिवारचं उदाहरण'. प्रत्येकाने आपल्या घरचे, कामाचे, गावाचे खरे आकडे आणून त्याचं दोन चलांचं उदाहरण तयार करायचं. मनचे आकडे चालणार नाहीत. खरे असलेच पाहिजेत. सगळ्यांत चांगलं उदाहरण मी शनिवारी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहायचो, खाली मुलाचं नाव, आणि आठवडाभर ते पुसायचं नाही असा माझा दंडक. दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. पूर्णा, काल्हेर या जवळच्या गावांकडे भाताच्या खाचरांत गोदामं उठत होती. मुलं उदाहरणं आणायची ती मोठे ट्रक किती, टेम्पो किती, चाकं एकूण किती अशी. मला धन्य वाटायचं.

सुगंधा त्या वर्गातली. तिसऱ्या बाकावर, भिंतीच्या बाजूला. आपणहून एक शब्द बोलायची नाही, पण विचारलं तर उत्तर तयार. अक्षर बारीक आणि स्वच्छ. बाप लूमवर होता, तो ती सातवीत असताना वारला. घरात ती आणि आई, दोघीच. आईचं माहेर वज्रेश्वरीच्या बाजूला एका गावात. ही एवढी माहिती मला शाळेच्या दाखल्यावरून होती, तिच्याशी बोलून नव्हे. तिच्या वेणीत कायम काहीतरी पांढरं अडकलेलं असायचं, कापसाचे तंतू. मी एकदा सगळ्या वर्गासमोर म्हटलं होतं, "केस विंचरून येत जा गं." ती दुसऱ्या दिवशी डोकं ओलं चापून आली होती.

ऑगस्टमध्ये कधीतरी तिने पहिलं उदाहरण दिलं. कांडीचं. कांडी म्हणजे लूमच्या धोट्यात बसते ती सुताची नळी. कापडाचा आडवा धागा तिच्यातून सुटतो. लूमला सतत भरलेल्या कांड्या लागतात, आणि त्या भरायचं काम बायका करतात, कुणी शेडच्या कोपऱ्यात, कुणी घरात मशीन ठेवून. सुगंधाची आई कांडी भरायची. लाल पेन्सिल फिरवून झाल्यावर तिच्या उदाहरणातलं जे उरलं ते असं: आई ८ तास, मुलगी ३ तास, मिळून ६३० कांड्या. आई ५ तास, मुलगी ६ तास, मिळून ६०० कांड्या. तर दोघी तासाला किती किती भरतात?

मी खूश झालो. ८x + ३y = ६३०, ५x + ६y = ६००. पहिल्याला दोनने गुणा, वजा करा, x येतो साठ, y येतो पन्नास. कुठे अपूर्णांक नाही, काही नाही. पुस्तकं लिहिणाऱ्यांना असं सुटसुटीत उदाहरण जमत नाही. फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं, खाली ठळक अक्षरांत 'कु. सुगंधा'. ती आठवडाभर मान वर करून बसायची.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तिने दुसरं आणलं. पुन्हा कांडीचंच. आई ४ तास, मुलगी ६ तास, ५२० कांड्या. आई २ तास, मुलगी ८ तास, ५६० कांड्या. सोडवलं तर आई चाळीस, मुलगी साठ. हेही फळ्यावर गेलं. मी वर्गाला म्हणालो, "बघा, मागच्या वेळी आई साठ भरत होती आणि ही पन्नास. आता ही आईच्या पुढे गेली! टाळ्या वाजवा." चाळीस मुलांनी टाळ्या वाजवल्या. सुगंधानेही वाजवल्या, कारण सगळे वाजवत होते. ते दृश्य मला आजही नको वाटतं.

त्यानंतर तिची हजेरी खालावली. वर्गशिक्षक मीच. हजेरीपटावर तिच्या नावापुढे 'गै' लिहिणारा हातही माझाच. तिच्या चाळीतली वनिता नावाची मुलगी त्याच वर्गात होती. तिला मी विचारलं, "सुगंधा का येत नाही?"

"सर, तिच्या घरी काम हाय."

"काम सगळ्यांच्याच घरी असतं. दहावीचं वर्ष आहे म्हणावं."

"सांगते सर," वनिता म्हणाली आणि खाली बसली. मी पुढचं प्रकरण सुरू केलं.

जानेवारीत, संक्रांतीच्या आसपास, वनिता सुगंधाची वही घेऊन आली. "सर, तिनं शनिवारचं उदाहरन दिलंय." मुलगी आली नव्हती, वही आली होती. यात काही वावगं आहे हे मला सुचलं नाही. मी म्हणालो, शाब्बास, याला म्हणतात चिकाटी. आणि पेन्सिल काढली. रेघा मारून झाल्यावर उरलं ते असं: आई ० तास, मुलगी १० तास, ६०० कांड्या. आई ० तास, मुलगी ९ तास, ५४० कांड्या. खाली तिने शिस्तीत समीकरणं मांडली होती. ०x + १०y = ६००, ०x + ९y = ५४०. y बरोबर साठ. आणि x च्या पुढे तिने जागा कोरी सोडली होती.

माझं डोकं फिरलं. शून्याने गुणलेला x म्हणजे नसलेला x. तो लिहायचाच कशाला? त्यातून दोन्ही समीकरणं एकच गोष्ट सांगतात, y साठ. दोन चलांचं उदाहरण म्हणून सांगितलं आणि पोरीने एका चलाचं आणून दिलं, तेही पाच महिने शिकून! मी पानभर फुली मारली आणि खाली लिहिलं: 'x काढता येत नाही. उदाहरण अपुरे आहे. दुसरे करून आणणे.' वही वनिताकडे दिली.

आठेक दिवसांनी वनिताने ती परत आणली. "सर, त्या खोलीवर न्हायत. मामा येऊन गावी घेऊन गेला दोघींना. वही दारात व्हती." मी वही कपाटात टाकली. पुढे हॉल तिकिटं आली, सगळ्यांनी सह्या करून नेली, एक उरलं. ते मी त्या वहीत घालून ठेवलं. येईल न्यायला, म्हटलं. मार्चमध्ये परीक्षा झाली. तिच्या जागेवर बाक रिकामा राहिला.

मे महिन्यात मी पुढच्या वर्षासाठी सरावाचे कागद तयार करत होतो. स्टाफरूममध्ये मी एकटाच. सुट्टी असल्याने मुलं नाहीत, मागच्या शेडची खटखट तेवढी चालू. सुगंधाची ती सुटसुटीत उदाहरणं कागदात घ्यावीत असं मनात आलं, म्हणून वही काढली. आता उदाहरण छापायचं म्हणजे नुसते आकडे देऊन चालत नाही, शब्दांसकट द्यावं लागतं. म्हणजे मीच मारलेल्या रेघांखालचे शब्द मला वाचावे लागणार होते. चष्मा सारखा करून वाचायला लागलो.

पहिलं उदाहरण, ऑगस्टचं. 'गेल्या रविवारी आईने ८ तास व मुलीने ३ तास कांडी भरली. या रविवारी आईला खोकल्यामुळे दम लागत असल्याने आईने ५ तास व मुलीने ६ तास भरली.' 'खोकल्यामुळे दम लागत असल्याने' यावर माझी लाल रेघ होती. 'गेल्या रविवारी', 'या रविवारी' यांवरही होती.

दुसरं, दिवाळीनंतरचं. 'सोमवारी आई मधून मधून आडवी होत असल्यामुळे...' आणि 'मंगळवारी आईला ताप असल्यामुळे...' सोमवार, मंगळवार. आधी रविवार होते. आता शाळेचे वार आले होते. मी उठून हजेरीपट काढला. दिवाळीनंतरचा तो पहिला आठवडा. सोमवार, गै. मंगळवार, गै. माझ्याच अक्षरात.

तिसरं. 'बुधवारी आई उठली नाही. मुलीने १० तास भरली. गुरुवारी पण आई उठली नाही.'

'आई उठली नाही' यावर मी रेघ मारली होती, कारण त्यात आकडा नव्हता. साठावरून चाळिसावर आई आली, हे मी स्वतः सोडवून फळ्यावर मांडलं होतं. आठ तास, पाच, चार, दोन, शून्य. पहिलीतलं पोरसुद्धा हे उतरत्या क्रमाने लावून दाखवेल. मी दोन इयत्तांना पुरेल एवढी हुशारी पेन्सिलीत घेऊन फिरत होतो आणि मला ते दिसलं नाही.

आणि करण्यासारखं नव्हतं असंही नाही. आमच्या विज्ञानाच्या बाईंचे यजमान सरकारी दवाखान्यात डॉक्टर होते. शाळेतल्या कितीतरी पालकांना बाईंनी चिठ्ठी देऊन त्यांच्याकडे पाठवलं होतं. दिवसभर सुताच्या धुळीत बसणारी बाई, खोकला, दम, ताप. बाईंनी ते वाक्य एकदा वाचलं असतं तरी त्याच दिवशी चिठ्ठी लिहिली असती. बाई स्टाफरूममध्ये माझ्या समोरच्या खुर्चीवर बसायच्या. वही त्यांच्यापुढे सरकवायला हात लांब करण्यापलीकडे काही लागलं नसतं.

त्याच दुपारी मी वनिताच्या चाळीत गेलो. सुगंधाच्या खोलीत दुसरंच कुटुंब राहत होतं. दारातली बाई म्हणाली, "वो लोग तो कब के गए. वज्रेश्वरी की तरफ." गावाचं नाव तिला माहीत नव्हतं, पण शाळेच्या दाखल्यावर होतं. वज्रेश्वरीची बस भिवंडीच्या डेपोतून सुटते. तास-सव्वा तासाचा रस्ता. मी ती बस धरली नाही. आधी म्हटलं, शिबिर संपू दे. मग म्हटलं, निकाल लागू दे. मग जून आला, नवे वर्ग, नवी मुलं. खरं कारण सांगतो, मला त्या घरात जायची भीती वाटत होती. आई असेल तर काय बोलू आणि नसेल तर काय बोलू, या दोन्ही बाजू मला सुटत नव्हत्या. कोणी अडवलं नव्हतं. मीच गेलो नाही.

शनिवारचं उदाहरण मी त्या वर्षापासून बंद केलं. हे तर आणखी चुकलं. बंद करायची होती ती लाल पेन्सिल. मुलांनी घरचं काही लिहून आणायची एक वाट होती, ती मीच बुजवली. हेसुद्धा मला निवृत्त झाल्यावर कळलं. मास्तरला सगळं उशिराच कळतं, त्याला दुसऱ्यांना समजावण्यातून सवड कुठे असते!

यानंतर पाच-सहा वर्षं गेली. निवृत्त होऊन मला दोन-तीन महिनेच झाले होते. पुतण्याने पूर्णाला एका गोदामात नोकरी धरली होती, त्याचा डबा घरी राहिला म्हणून मी रिक्षाने द्यायला गेलो. कधी काळी तिथे भाताची खाचरं होती. आता ओळीने पत्र्याची प्रचंड गोदामं, बाहेर ट्रकांची रांग, गेटवर वॉचमन. जेवणाची सुट्टी झाली होती. गेटमधून बायकांचा एक घोळका बाहेर आला, गळ्यात ओळखपत्रं, हातात डबे. त्यातून हाक आली, "सर!"

मी ओळखलं नाही. ती पुढे आली आणि वाकून पाया पडली. अंगाने भरली होती, मंगळसूत्र होतं, वेणी मात्र तशीच घट्ट. "सर, मी सुगंधा. तिसऱ्या बाकावरची."

ती मागे वळून मैत्रिणींना सांगायला लागली, "अगं, हे आमचे गनिताचे सर. यांनी माझं नाव फल्यावर लिवलेलं. आठ-आठ दिवस पुसलं नव्हतं. दोनदा!" मैत्रिणींनी मला कौतुकाने नमस्कार केला. मला रस्त्यात गाडून घ्यावंसं वाटलं.

मैत्रिणी झाडाखाली डबे सोडायला गेल्या. मी विचारलं, "आई?"

"आई गेली सर. गावी नेली ना मामानं, त्याच्या पुढच्या पावसालयात. टीबी निघाला. डॉक्टर बोलला, उशीर केलात." तिने हे अगदी साध्या आवाजात सांगितलं, सांगून सांगून गुळगुळीत झालेल्या गोष्टीसारखं. "मग मामाकडंच राहिले. लग्न झालं. आता हिकडं माल मोजायला असते. खोकी येतात, कमी-जास्त बघायचं. सुपरवायझर बोलतो, तुजा हिशोब चुकत न्हाय."

"सुगंधा," मी म्हणालो, "तू मला सांगत होतीस. तीन वेळा. मला कळलं नाही."

तिला खरंच समजलं नव्हतं. "मी काय सांगत व्हते सर?"

"ते कांडीचं. आईला खोकला, आईला ताप, सगळं लिहिलं होतंस तू."

"ते होय!" ती हसली. "तुमी बोललेलात ना, खरे आकडे आना. मंग खरे आनले. आनि पुस्तकातल्या उदाहरनात कसं, कायतरी कारन असतं, म्हनून कारन लिवलं. तुमाला कशाला सांगू सर? तुमी काय करनार व्हता?"

मला बाईंच्या खुर्चीची आठवण झाली, चिठ्ठीची झाली, वज्रेश्वरीच्या बसची झाली. त्यातलं काहीच बोललो नाही. आता बोलून तिच्या पदरात काय पडणार होतं! इतकी वर्षं मी मनाशी असं धरून चाललो होतो की तिने मला हाक मारली आणि मी ओ दिली नाही. तिने हाक मारलीच नव्हती. मी काही करेन अशी तिची अपेक्षाच नव्हती. हे कळल्यावर माझं ओझं कमी व्हायला हवं होतं, ते झालं नाही.

"तुझं हॉल तिकीट माझ्याकडे आहे," मी म्हणालो. "वहीपण आहे. आणून देऊ?"

"ठेवा सर तुमच्याकडंच. माझ्याकडं उंदीर खातील." मग ती जरा घुटमळली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, वर्गात उत्तर विचारल्यावर करायची तसं, म्हणाली, "सर, एक इचारू? ते शेवटचं उदाहरन माझं चुकलं व्हतं ना? मना तवाच वाटलं व्हतं, शून्य लिवाया नको. पन तास तर शून्यच व्हते."

"नाही," मी म्हणालो. "चुकलं नव्हतं. सगळं बरोबर होतं."

"मंग तुमी फुली का मारली?"

तक्रार नव्हती तिच्या आवाजात. शंका होती, आणि मी वर्गात नेहमी सांगायचो की शंका विचारा, मी उत्तर देईन. आत भोंगा वाजला. बायका घाईने डबे झाकायला लागल्या. ती गेटकडे दोन पावलं गेली, पण उत्तरासाठी मान वळवून थांबली.

"मी ते वाचलं नव्हतं, सुगंधा."

"असं कसं सर," ती म्हणाली, "सगलीकडं लाल पेन्सिल तर फिरवली व्हती."